पाचवी खुर्ची

मिस्त्रीने जन्मभर सुतारकाम केलं, पण त्याच्या हातचं काम उभं राहिलेलं कुणी कधी पाहिलं नाही. तो सेंटरिंगचा सुतार. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्यांचा साचा लागतो, तो ठोकायचा, आणि काँक्रीट घट्ट झालं की आपणच ठोकलेला साचा पहारीने उखडून काढायचा. कितीतरी घरांच्या छताला त्याच्या फळ्यांच्या रेषा उमटलेल्या असतील. फळ्या मात्र कधीच चुलीत गेल्या. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. "आपलं काम सुइणीचं," तो म्हणायचा. "मूल रडलं की सुइणीला कोण विचारतं?"

म्हणून गुडघे कुरकुरायला लागल्यावर, घरी बसून त्याने मागच्या गॅलरीत खुर्ची करायला घेतली, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, ही पण नंतर उखडायचीय का?"

मिस्त्री हसला नाही. खुर्ची का करायची ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि न सांगताच सगळ्यांना कळलं होतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाला खुर्च्या चार. एक मिस्त्रीची, एक मुलाची, एक नातीची आणि चौथी, खिडकीच्या पलीकडच्या अंगाची, नातीच्या आईची. ती सून जाऊन वर्षं झाली. तेव्हापासून त्या खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं. बसू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणी म्हटलंच नव्हतं म्हणून तो नियम मोडायची कुणाची छाती होत नव्हती. पाहुणे आले तर मिस्त्री स्वतः उठून उभा राहायचा, पण ती खुर्ची पुढे करायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलाने दुसरं लग्न केलं. बाई केस रंगवण्याच्या दुकानात कामाला होती, हसरी होती, कष्टाळू होती. शेजारणी तिला "नवी" म्हणत, आणि वर्ष होत आलं तरी तिचं नवेपण काही जुनं होईना. पहिल्याच संध्याकाळी तिने टेबलाकडे पाहिलं, चार खुर्च्या मोजल्या, तीन माणसं मोजली, आणि गॅलरीतलं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल आणून त्यावर बसली. टेबल तिच्या गळ्याशी आलं. तेव्हापासून बहुतेक वेळा ती म्हणायची, "तुम्ही बसा, मी नंतर बसते," आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या जेवायची. कुरकुर म्हणून नाही. म्हणूनच मिस्त्रीच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि नात. तिला सगळे खारू म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. खारू नवीशी उद्धट वागायची का? छे! उद्धट वागली असती तर बरं झालं असतं, एक रट्टा देऊन प्रश्न मिटला असता. खारू तिच्याशी फार अदबीने वागायची. "अहो, माझा डबा झाला का?" "तुम्ही माझी कात्री पाहिलीत का?" या पोरीने बापाला अरे म्हणावं, आजोबाला अरे म्हणावं, शेजारच्या मांजरीला अगं म्हणावं आणि घरातल्या या एका बाईला तेवढं अहो. तिच्या आईला ती अगं म्हणायची. ते अगं कुणाला द्यायचं नव्हतं तिला. नवी हे सगळं ऐकायची आणि "हो, झाला हं डबा," म्हणायची.

खुर्चीने हे सुटेल असं मानण्याइतका मिस्त्री भोळा नव्हता. पण टेबलाशी पाचवी जागा तरी हवी. आणि ती खुर्ची हुबेहूब बाकीच्यांसारखी हवी, नाहीतर ती "नवीची खुर्ची" होणार, म्हणजे प्लॅस्टिकचं स्टूलच, फक्त लाकडाचं.

घडण त्याला छान साधली. स्वतःची खुर्ची उलटी करून त्याने मापं घेतली, खालून दिसलं तसलंच हलकं पिवळसर लाकूड शोधलं, जोडांची कुसं खाचांत अशी बसवली की हलवून हलेनात. खुर्ची फरशीवर ठेवली तर चारही पाय एकदम टेकले. म्हातारा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. इथवर सगळं ठीक होतं.

घोडं अडलं रंगाशी. रंग म्हणजे भिंतीला फासतो तसला नव्हे. लाकडाच्या वर बसणारा नव्हे तर आत मुरणारा, ज्यातून लाकडाच्या रेषा दिसत राहतात तो. दुकानदार त्याला स्टेन म्हणाला, आणि आधी काय करायचं, नंतर काय करायचं हेही सांगत होता, पण मिस्त्रीने डबा पिशवीत टाकून वाट धरली होती. ज्याने उभ्या आयुष्यात फळीला जळकं ऑइल सोडून काही लावलं नाही, त्याला रंग कोण शिकवणार! घरात कुणी नाही असं बघून एका दुपारी त्याने बेत केला. काचपेपर हाती आला तसा आडवातिडवा फिरवला, ब्रश बुडवला आणि सपासप लावून मोकळा झाला. पी हळद आणि हो गोरी.

संध्याकाळ होईतो खुर्चीने रंग दाखवला. आडव्या घासण्याचे ओरखडे एकेक करून काळे उमटले. पायांची आणि पाठीची कापलेली टोकं तर कोळशासारखी झाली. आणि जिथे जिथे जोड होता तिथे पांढरट डाग. रंग तिथे चढलाच नव्हता. वर सगळं चिकट. मिस्त्रीने तिच्यावर जुनी चादर टाकली आणि तोंडावर वर्तमानपत्र धरून बसला.

नवी कामावरून आली. वासानेच ती गॅलरीत गेली. चादर उचलली. मिस्त्री आतून कान देऊन होता. हसण्याचा आवाज येईल अशी त्याची तयारी होती. आवाज आला नाही, म्हणून शेवटी तोच उठून गेला. ती उकिडवी बसून खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत होती.

"घरच्या घरी रंगवलीत ना?" ती म्हणाली.

"मग काय दवाखान्यात नेऊ?"

"नाही, आमच्याकडे रोज येतात अशी गिऱ्हाइकं. आधी घरी करून बघतात, मग डोक्याला रुमाल बांधून येतात रडत." तिने चादरीकडे पाहिलं. "तुम्ही पण रुमाल बांधलाच होता की."

मिस्त्रीला हसू आलं ते त्याने मिशीत दाबलं. "खालचं लाकूड चांगलं आहे, सूनबाई. फळी निवडून आणली होती. माझ्या हाताने नासली."

"नासली कशाने? केस जळले नाहीत अजून, नुसता रंग चुकलाय." ती कापलेल्या काळ्या टोकाशी आली. "हे बघा. केसांची टोकं अशीच करतात. मुळापेक्षा टोकं जास्त तहानलेली. सगळीकडे सारखा रंग लावला तर टोकं घटाघटा पितात आणि काळी पडतात. आम्ही टोकांना आधी काहीतरी पाजून ठेवतो, म्हणजे नंतर ती अधाशासारखं करत नाहीत. आणि हे पांढरं काय? इथे तेलकट काही लागलं होतं का?"

"सरस. जोडातून बाहेर आला, तो मी पुसला. ओल्या फडक्याने."

"पुसला म्हणजे पसरवला. तेल लावलेल्या केसावर रंग बसत नाही, तसंच झालंय ते."

दुकानदारानेही हेच सांगितलं असणार. पण सोनारानेच कान टोचलेले बरे असतात. मिस्त्री पाटावर बसला आणि जन्मात पहिल्यांदा एखाद्या शिकाऊ गड्यासारखा म्हणाला, "मग आता?"

"आता रविवारी. सगळं काढून टाकू. पहिल्यापासून."

खुर्ची कुणासाठी हे तिने विचारलं नाही. जाताना पाठीच्या वरच्या पट्टीवर तिने क्षणभर तळहात ठेवला, एवढंच मिस्त्रीने पाहिलं.

रविवारी गॅलरीत भुसा उडाला. लाकूड कसं वागतं ते मिस्त्रीला ठाऊक होतं, रंग कसा वागतो ते तिला. दोघांनी मिळून एक कारागीर पुरा झाला. त्याने तिला रेषा दाखवल्या: लाकूड ज्या दिशेने वाढलं त्याच दिशेने घासायचं, आडवं नाही. आधी जाड काचपेपर, मग मधला, मग बारीक, आणि मधला गाळून उडी मारायची नाही, नाहीतर जाड कागदाचे चरे शेवटी वर येतात. ती म्हणाली, "केस विंचरायचे तसे, गुंता एकदम ओढायचा नाही." मग तिने ओलसर फडकं फिरवून सगळी खुर्ची भिजवली. उरलेला सरस लगेच फिकट चट्ट्यांनी उघडा पडला, आणि सुकल्यावर लाकडाची बारीक लव उभी राहिली. ती पुन्हा घासली. डोळे मिटून ती बोटांच्या पेरांनी पायावरून खाली उतरायची, एका जागी थांबायची आणि म्हणायची, "इथे." मिस्त्री चष्मा लावून बघायचा, त्याला काही दिसायचं नाही. मग बोट लावून बघायचा, तर तिथे खरखरीत असायचंच. पाचपंचवीस गडी हाताखालून गेले होते त्याच्या. असं बोट एकाचंही नव्हतं, हे त्याने मनात कबूल केलं, आणि मग मनातच कशाला म्हणून मोठ्याने म्हणाला, "पोरी, बोटं आहेत का काय तुझी!"

ती लाजली. सूनबाईची पोरी कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग तिने विचारलं, "कुठल्या खुर्चीसारखी करायची?"

"कुठल्या म्हणजे? चारही सारख्याच तर आहेत."

"सारख्या कुठे आहेत? चला, दाखवते."

स्वयंपाकघरात खारू टेबलावर गणितं सोडवत होती. नवीने हळू आवाजात, बोट न दाखवता, नुसत्या नजरेने दाखवलं. मुलाची खुर्ची खिडकीसमोरची, उन्हाने उडालेली. मिस्त्रीच्या खुर्चीची पाठ टेकून टेकून तेलकट चकचकीत. खारूची, पुढच्या कडेला पांढुरकी, कारण ही पोरगी बसल्या बसल्या पाय झुलवते. आणि चौथी, जिच्यावर कुणी बसत नव्हतं, ती मात्र जशी आली तशी, गडद आणि गुळगुळीत. इतकी वर्षं रोज समोर असून मिस्त्रीला हे दिसलं नव्हतं.

दोघं गॅलरीत परत आले. मिस्त्रीने डोकं खाजवलं. "मग सोपं आहे. पाचही घासून कोरं लाकूड काढू आणि एकदम रंगवू. एका डब्यातला रंग, एका दिवसाचं काम. कुणाची कुठली, ओळखूच यायचं नाही."

सोपंच होतं ते. आणि तिच्या फायद्याचंही होतं. ती जुनी खुर्ची घासली गेली की घरातल्या एका न बोललेल्या गोष्टीवरही काचपेपर फिरला असता, तेही सासऱ्याच्या हातून. तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा चढलेला मिस्त्रीने कधी ऐकला नव्हता. "तिच्या आईच्या खुर्चीला काचपेपर लागणार नाही, बाबा. त्यावर तिच्या आईचा हात लागलाय. तो आपण घासून टाकायचा? माझ्या बसण्यासाठी?"

"अगं, पण मग रंग जुळणार कसा?"

"जुळवीन मी. तोच तर माझा धंदा आहे. आणि त्या खुर्चीशी जुळवणार नाही. तिची बरोबरी नाही करायची मला. खारूच्या खुर्चीसारखी करीन."

गॅलरीची खिडकी स्वयंपाकघरात उघडते. आत पेन्सिलीचा आवाज थांबला होता. मिस्त्रीने तो थांबलेला ऐकला, नवीने ऐकला की नाही कोण जाणे. ती तुकडे शोधायला लागली होती.

तुकडे तिला हवे होते त्याच फळीचे. सेंटरिंगवाला तुकडा टाकत नसतो, मिस्त्रीने गठ्ठाच काढून दिला. एकेका तुकड्यावर ती थोडा रंग लावायची, जरा थांबायची आणि फडक्याने पुसून टाकायची.

"लावलेलं पुसतेस कशाला?" मिस्त्रीचा जीव वरखाली.

"जेवढं आत जायचं तेवढं गेलं. वर राहिलेलं नुसतं चिकटतं. तुमचं चिकटलं होतं ना?"

तुकडा सुकला की ती खारूच्या खुर्चीशेजारी नेऊन धरायची, दिवसाच्या उजेडात एकदा आणि दिव्याखाली एकदा. "तांबूस मारतोय," म्हणायची आणि परत यायची. शेवटी तिने दुसऱ्या एका बाटलीतून हिरवट रंगाचे थेंब टाकले, तेव्हा म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला.

"हिरवा? पोपट करतेस का खुर्चीचा?"

"तांबूसपणाला हिरवा मारतो, बाबा. दुकानात कुणाच्या केसांचं गाजर झालं की आम्ही हेच करतो."

आणि खरोखर, पुढचा तुकडा तिने खारूच्या खुर्चीवर ठेवला आणि तो दिसेनासा झाला. मिस्त्री बघतच राहिला. तुकडा होता, हाताला लागत होता, पण डोळ्याला नुसती खुर्चीच दिसत होती. हातच्या काकणाला आरसा कशाला? समोर बसलेली ही बाई हाडाची कारागीर होती, आणि आपण तिला वर्षभर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं, याची त्याला मनापासून लाज वाटली.

कापलेल्या टोकांना तिने आधी पातळ लाख पाजली. मग रेषेच्या दिशेने रंग लावला, थांबली, पुसला. पुढच्या कडेशी आल्यावर ती जास्त जोराने पुसू लागली, तिथला रंग पार फिका होईपर्यंत.

"आता तिथला का काढतेस?"

"खारू पाय झुलवते ना," ती म्हणाली.

खुर्ची सुकायला वेळ द्यावा लागला, वर मेणाचा हात फिरला, आणि मग एका संध्याकाळी मुलाने ती आत आणून टेबलाशी लावली, खारूच्या खुर्चीला लागून. प्लॅस्टिकचं स्टूल गॅलरीत गेलं. ताटं मांडली गेली. नवी ओट्याशी भाजी काढत होती. डाव दोनदा भांड्याच्या कडेला आपटला.

खारू खेळून आली, हात धुतले आणि टेबलाशी येऊन थबकली. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. तिने एकीची पाठ धरली, सोडली, दुसरीची धरली.

"आजोबा, माझी कुठली?"

"ओळख की!" मिस्त्री म्हणाला. आवाजात गंमत आणली होती, पण मनात वेगळंच चाललं होतं. आईच्या जागी माणूस आणून बसवलं, आता माझी खुर्चीसुद्धा माझी राहिली नाही, असं पोरीला वाटलं तर? हुबेहूब करायच्या नादात हे आपल्या डोक्यातच आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खारूने वाकून पुढच्या कडा पाहिल्या. दोन्ही पांढुरक्या. तिने बोट फिरवलं. मग ती खाली वाकली, आणि नाक लावून एक खुर्ची हुंगली, मग दुसरी हुंगली.

"ही माझी. त्या दुसरीला पॉलिशचा वास येतोय." ती उभी राहिली. पण बसली नाही. कडेवरची ती फिकी जागा तिने पुन्हा एकदा बोटाने घासून पाहिली. "माझ्यासारखी उडवलीय."

मुलगा ताटाकडे बघत होता.

खारू टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. चौथी खुर्ची तिने दोन्ही हातांनी मागे ओढली; फरशीवर तिचा आवाज झाला, आणि तो आवाज त्या घरात किती दिवसांनी झाला ते मिस्त्रीला एकदम जाणवलं. खारू आईच्या खुर्चीवर चढून बसली. पाठ टेकवून बघितली. मग पाय झुलवायला लागली.

"मी इथे बसणार आता," ती म्हणाली. "माझी रिकामी आहे."

"आणि मी केलेली?" मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं.

"ती पाहुण्यांना. वास गेल्यावर."

एवढा घाम गाळून केलेली खुर्ची पाहुण्यांच्या वाट्याला गेली, आणि मिस्त्रीला आयुष्यात कुठल्या कामाचा इतका आनंद झाला नव्हता. ही त्याने ठोकलेली पहिली वस्तू, जी कुणी उखडणार नव्हतं. ती तिथे उभी राहून आपलं काम करून चुकली होती.

नवीने चौघांची ताटं वाढली. सवयीने तिच्या तोंडून आलंच, "तुम्ही सुरू करा, मी नंतर..."

"अगं, बस ना तू!" खारू म्हणाली.

बोलून गेल्यावर तिलाच ते ऐकू आलं. ती लाल झाली आणि भाजीत बोट बुडवून चाटायला लागली. मिस्त्रीने मुलाकडे पाहिलं, मुलाने खिडकीकडे. नवीच्या हातातला डाव हवेतच राहिला होता. तो तिने भांड्यात ठेवला, पदराला हात पुसले, आणि येऊन खारूच्या खुर्चीवर बसली, अगदी कडेवर, पाहुण्यासारखी.

"तशी नको बसूस," खारू ताटातून मान वर न करता म्हणाली. "मागे टेक. आणि डावीकडे रेलू नकोस, तो पाय डुगडुगतो."

नवी मागे टेकली. खुर्ची कुरकुरली. आणि मग, डावीकडे न रेलता, ती जेवायला लागली.